एका झपाट्यात की रोज थोडे? घर आवरण्याच्या दोन पद्धतींची तुलना

घरातील पसारा आवरायचा, हे बहुतेकांचे ठरलेले असते. अडते ते कसे आवरायचे या प्रश्नापाशी. एका पद्धतीत एकाच प्रकारच्या साऱ्या वस्तू घराच्या कानाकोपऱ्यातून एका ठिकाणी आणतात आणि सलग वेळ देऊन त्यांचा एकदाच निकाल लावतात. दुसऱ्या पद्धतीत रोज दहा-पंधरा मिनिटे काढून एक खण, एक फळी, एक कोपरा असे जागेनुसार पुढे सरकतात. सोयीसाठी पहिलीला झपाट्याची आणि दुसरीला रोजची पद्धत म्हणू. दोन्ही पद्धतींचे कट्टर समर्थक आहेत आणि दोन्हींनी घरे आवरली गेली आहेत. माझे मत आधीच नोंदवतो: संपूर्ण घरासाठी एकच पद्धत निवडण्याचा आग्रह सोडावा आणि समोर कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्या कोणाच्या आहेत, हे पाहून निवड करावी.

या कामात थकवणारी गोष्ट उचलाउचल नव्हे, निर्णय घेणे ही आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना एक साधा मग देण्यात आला आणि तो किती किमतीला विकाल, असे विचारण्यात आले. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना तो किती किमतीला घ्याल, असे विचारले गेले. तोच मग असूनही विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या सुमारे दुप्पट होती. वस्तू काही क्षण आपली झाली, एवढ्यानेच तिचे मोल वाढले. वर्षानुवर्षे कपाटात असलेल्या वस्तूबाबत ही ओढ किती असेल, याची कल्पना करता येते. म्हणूनच ‘हे टाकू का?’ असा प्रश्न स्वतःला विचारला, की उत्तर जवळजवळ नेहमी ‘राहू दे’ असे येते. ‘आज हे माझ्याकडे नसते, तर मी मुद्दाम आणले असते का?’ असे विचारले, तर उत्तर अधिक प्रामाणिक मिळते. पद्धत कोणतीही घेतली, तरी प्रश्न मात्र हा दुसराच असावा.

झपाट्याच्या पद्धतीचे खरे बळ

घरभर विखुरलेल्या वस्तू एकत्र आल्याशिवाय त्यांची संख्या कळत नाही, ही या पद्धतीमागची मूळ जाणीव आहे. एक कात्री टेबलाच्या खणात, एक स्वयंपाकघरात, एक शिवणाच्या डब्यात आणि एक अवजारांच्या पेटीत असते. चारही जागा वेगवेगळ्या दिवशी आवरल्या, तर प्रत्येक वेळी ‘एक कात्री तर हवीच’ असे वाटून चारही राहतात. चारही एकदम समोर ठेवल्यावर धार असलेल्या दोन कोणत्या, हे सांगायला क्षणही लागत नाही. तुलना करून निवडणे हे एकेकट्या वस्तूवर निर्णय देण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते आणि ही सोय झपाट्याच्या पद्धतीत आपोआप मिळते. कपडे, चार्जर आणि वायरी, लेखनसाहित्य, पिशव्या, रिकामे डबे या गटांत हा लाभ सर्वाधिक जाणवतो, कारण या वस्तूंच्या जोड्या आणि दुबार प्रती नकळत वाढत असतात. वायरींच्या बाबतीत तर सारी उपकरणे आणि साऱ्या वायरी एका वेळी समोर असल्याशिवाय कोणती वायर कशाची, हे ठरवताच येत नाही.

या पद्धतीची किंमतही मोठी आहे. सलग वेळ लागतो, पसरायला जागा लागते आणि मध्येच थांबावे लागले, तर घर पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत राहते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे किंवा ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित आहेत, त्यांना ही जोखीम परवडत नाही. अंथरुणावर कपड्यांचा ढीग आहे आणि झोपायची वेळ झाली आहे, अशा वेळी तो ढीग जसाच्या तसा कपाटात परत कोंबला जातो, आणि पुन्हा सुरुवात करण्याची उमेदही त्याच्यासोबत आत जाते. म्हणून ही पद्धत घेणाऱ्याने गट लहान धरावेत. ‘सारे कपडे’ असे न म्हणता केवळ पायमोजे, केवळ थंडीचे कपडे, केवळ पिशव्या असा एक गट एका बैठकीत संपवावा. निर्णयाला कठीण वस्तू शेवटी घ्याव्यात, आणि बाहेर काढलेल्या वस्तू त्याच दिवशी घराबाहेर जातील अशी सोय आधीच करून ठेवावी. दाराजवळ ठेवलेली पिशवी काही दिवसांनी हमखास उघडली जाते.

रोजच्या पद्धतीचे खरे बळ

रोजची पद्धत कमी काम करते, पण टिकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात, याचा ९६ जणांवर अभ्यास केला. एखादी कृती आपोआप घडू लागण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक, म्हणजे निम्म्या जणांचा काळ ज्याच्या आत येतो तो आकडा, ६६ दिवस आला, तर व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन बाबी मोलाच्या आहेत. एक म्हणजे कृती दिवसातील ठरावीक प्रसंगाला जोडलेली होती. दुसरी म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा फरक पडला नाही. ‘वेळ मिळेल तेव्हा’ आवरणारा माणूस थोड्याच दिवसांत थांबतो, पण रात्रीचे जेवण आटोपल्यावर एक खण, असा नेम बांधणाऱ्याला मधला एखादा दिवस बुडाला म्हणून निराश होण्याचे कारण नसते. या पद्धतीत घर कधीही उलथेपालथे होत नाही आणि कोणत्याही दिवशी काम थांबवले, तरी तोवरचे काम वाया जात नाही.

तिचा दोष मात्र गंभीर आहे आणि तिचे समर्थक तो क्वचितच मोकळेपणाने मांडतात: वस्तू घराबाहेर न जाता एका खणातून दुसऱ्या खणात फिरत राहतात. आजच्या खणात न शोभणारी वस्तू उद्याच्या खणात जाते, तिथूनही पुढे सरकते, आणि काही महिन्यांनी खण नीटनेटके दिसत असले, तरी वस्तू तेवढ्याच असतात. यावर उपाय एकच आहे: दुसऱ्या खोलीतील वस्तू सापडली, तर ती त्याच वेळी तिच्या ठरलेल्या जागी पोहोचवायची, आणि तिची जागाच ठरलेली नसेल, तर ती घरात हवी का, याचा निर्णय तिथेच घ्यायचा.

कोणत्या वस्तूंना कोणती पद्धत

कागदपत्रांबाबत मला शंका नाही. ती झपाट्यानेच आवरावीत. मालमत्तेचा, विम्याचा किंवा उपचारांचा एखादा कागद हरवला आहे की दुसऱ्या फाइलमध्ये आहे, हे सारे कागद एकत्र आल्याशिवाय सांगता येत नाही, आणि अर्धवट आवरलेली कागदपत्रे मुळीच न आवरलेल्या कागदपत्रांपेक्षा अधिक त्रास देतात, कारण कागद कोठे असेल याचा जुना अंदाजही मोडलेला असतो. मूळ प्रत आवश्यक असलेले, ठरावीक मुदतीपर्यंत जपायचे आणि काम संपलेले, असे तीन ढीग पुरेसे होतात. त्याहून बारीक वर्गीकरण पहिल्या फेरीत करू नये, कारण काम तिथेच रेंगाळते. टाकायच्या कागदांवर खातेक्रमांक किंवा सही असेल, तर ते फाडून बारीक केल्याशिवाय बाहेर देऊ नयेत.

स्वयंपाकघराचे उत्तर उलट आहे. तिथल्या वस्तू बहुधा तिथेच असतात, त्यामुळे घरभर शोधून एकत्र करण्याचा लाभ थोडा, आणि ते सारे एकदम बाहेर काढले तर रोजचे काम अडते. तिथे एक फळी, मग दुसरी फळी, हाच क्रम योग्य. औषधांची पेटी मात्र एका बैठकीत तपासावी आणि मुदत उलटलेली औषधे तिथेच वेगळी करावीत.

आठवणींच्या वस्तूंना झपाटा लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जुनी पत्रे, मुलांचे पहिले कपडे, गेलेल्या माणसाच्या वस्तू यांचा निर्णय थकलेल्या संध्याकाळी घेतला, तर तो एक तर घाईचा होतो किंवा होतच नाही. अशा वेळी छायाचित्राची मदत होते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवणीची वस्तू देण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवा, असे सुचवल्यावर विद्यार्थ्यांनी अधिक वस्तू दान केल्या. अनेकदा आपल्याला वस्तूपेक्षा तिच्याशी जोडलेली आठवण जपायची असते. ती सुरक्षित राहिली, की हात सैल होतो.

ज्या वस्तूंचा निर्णय होतच नाही, त्यांच्यासाठी जपानी कारखान्यांतील ‘पाच एस’ या व्यवस्थापद्धतीतून एक तोड घेता येते. तिथे पहिला टप्पा निवडीचा असतो आणि शंकास्पद वस्तूला लाल चिठ्ठी लावून ती ठरावीक मुदतीसाठी वेगळ्या जागी ठेवतात. घरी यासाठी एक बंद पेटी आणि तिच्यावर लिहिलेली तारीख एवढे पुरते. मुदतीत जी वस्तू शोधत कोणी पेटीपर्यंत गेले, ती घरात परत येते, बाकीच्या जातात. ही पेटी दोन्ही पद्धतींत चालते, मात्र ती एकच असावी.

घरातील माणसे

एकट्याने राहणाऱ्याला किंवा घर बदलण्याच्या तयारीत असलेल्याला झपाट्याची पद्धत अधिक लाभते, कारण निर्णय एकाचाच असतो किंवा मुदत बाहेरून ठरलेली असते. चार माणसांच्या घरात रोजची पद्धत पायाभूत धरावी आणि कपडे व कागदपत्रे एवढ्यांपुरताच झपाटा लावावा. तिथेही प्रत्येकाने आपल्या वस्तूंचा निर्णय स्वतः घ्यावा. दुसऱ्याची वस्तू त्याच्या नकळत टाकणे हा आवरण्याचा भाग नाही; त्याने घरातील विश्वास जातो आणि ती व्यक्ती उरलेल्या वस्तू अधिकच घट्ट धरून ठेवते. सामाईक जागेचा नियम सर्वांनी मिळून करावा, खासगी कपाटाचा ज्याचा त्याने.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. लॉस एंजेलिसमधील ३० जोडप्यांच्या अभ्यासात, आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अपुरी कामे यांच्या भाषेत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसोल या ताणाशी निगडित आणि एरवी दिवस सरेल तसे उतरत जाणाऱ्या संप्रेरकाची दिवसभरातील घट कमी प्रमाणात होत असल्याचे २०१० मध्ये नोंदवले गेले. त्यावरून पसाऱ्यामुळेच ताण येतो, असे सिद्ध होत नाही. तरी पसारा पाहून ज्याचा जीव दडपतो, त्याच्या तक्रारीला घरातल्यांनी क्षुल्लक मानू नये, एवढे म्हणायला ते पुरेसे आहे.

दोन्ही पद्धती घरात येणाऱ्या वस्तूंबाबत मात्र गप्प आहेत. झपाट्याने रिकामे केलेले कपाट वर्षभरात पुन्हा भरते आणि रोज एक खण आवरणारा रोज एक वस्तू आणत असेल, तर तो जागच्या जागीच राहतो. कपड्यांसाठी ‘एक आला, तर एक गेला’ हा नियम चालतो. इतर खरेदीसाठी वस्तू कोठे ठेवणार, ती जागा आधी दाखवता आली पाहिजे, एवढी अट पुरते.

काही माणसांना कोणतीही वस्तू सोडताना असह्य यातना होतात आणि साठ्यामुळे झोपायची, स्वयंपाकाची जागाही उरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत साठवणुकीच्या या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा घरी या दोन पद्धतींतून निवड करत बसू नये आणि त्या माणसाच्या माघारी घर रिकामे तर मुळीच करू नये. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरवावी आणि आवरण्याचा वेग त्या माणसाला पेलेल तेवढाच ठेवावा.