माळव्याच्या थंडीत गॅसचा ब्रूडर: घ्यावा का?

सिमरोलकडे आमची ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची, शेड आहे, काँट्रॅक्टवर, म्हणजे पिल्लं आणि फीड कंपनीचं, शेड मजुरी लाइट गॅस आपला. मी आणि भाऊजी मिळून बघतो. इंदूरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, मावठा पडला तर दिवसाही ऊन नाही, आणि एक दिवसाचं पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचं, अंगावर नुसती लव, आपली ऊब आपण धरून ठेवणं त्याला सुरुवातीचे दिवस जमतच नाही. म्हणून बल्ब काढून गॅसचा इन्फ्रारेड ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा हीटर, घेतला, तो छताला साखळीने टांगतात ना, तो. ओळखीतले बरेच जण विचारतात कसा आहे, म्हणून एकदाच नीट लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे, घ्या. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लाइट गेली तरी ऊब जात नाही. बल्बवर असताना मध्यरात्री लाइट गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, त्यांना कुठला आजार नसतो काही नसतं, चांगली धडधाकट पिल्लं जातात हो, बघवत नाही. कोळशाची शेगडी स्वस्त पडते पण धूर होतो, आणि पडदे गच्च बांधलेल्या शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचला तर पिल्लांना तर सोडाच, रात्री तिथे झोपणाऱ्या माणसालाही धोका. इन्फ्रारेडचं चांगलं हे की तो वरची हवा तापवत बसत नाही, खालचं लिटर (म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस) आणि पिल्लू तापवतो.

पण पिल्लांची गाडी गेटवर आल्यावर ब्रूडर पेटवाल तर पैसे वाया गेले समजा. कमीत कमी २४ तास आधी पेटवा, कडाक्याची थंडी असेल तर त्याच्याही आधी, कारण तुसाचा वरचा थर पटकन गरम लागतो आणि खालची फरशी थंडगार असते. पिल्लू उभं राहतं ते त्या थंड लिटरवर, पोटही त्यालाच टेकतं. थर्मामीटर आपल्या डोळ्यासमोर भिंतीवर नको, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर लटकवा, तिथे पहिल्या दिवशी ३२-३३ डिग्री पाहिजे, मग दर आठवड्याला अडीच-तीन डिग्रीने कमी करत जायचं. भाऊजी तर पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावून बघतात, पाय थंड लागले की शेड अजून तापलेली नाही, काटा काहीही दाखवो. आणि पिल्लं कुठे बसलीत ते बघा, ब्रूडरखाली गर्दी म्हणजे थंडी वाजतेय, चिकगार्डच्या (पिल्लांभोवती लावतात त्या कुंपणाच्या) कडेला चिकटून चोच उघडी म्हणजे उकडतंय, सगळी एकाच बाजूला म्हणजे दुसरीकडून वारा शिरतोय. साखळी वर-खाली करता येते ती याचसाठी, आणि चिकगार्ड गोलच लावा, कोपरा ठेवू नका.

आता एक गोष्ट जी दुकानदार कधीच सांगत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जी मर होते ना, त्यातली बरीचशी भुकेची असते. पोटातला पिवळा बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो, तोवर उपाशी पिल्लूही फिरताना दिसतं, बलक संपला की मान टाकतं. ऊब कमी पडली की ते दाण्यापाण्याकडे जातच नाही. म्हणून कागदावर मक्याचा भरडा किंवा प्री-स्टार्टर (पहिल्या दिवसांचं बारीक खाद्य) पसरा, पाणी कोमट ठेवा, आणि २४ तासांनी हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा, १०० मधल्या ९५ पिल्लांची भरलेली लागली पाहिजे. कमी लागली तर औषधाच्या आधी ऊब, उजेड आणि ड्रिंकर (पाण्याची भांडी) तपासा.

ब्रूडर काय करू शकत नाही तेही लिहिते. बेंबी उघडी, पोट फुगलेलं, चिरलं की घाण वास, हे यॉक सॅकचं, म्हणजे पोटातल्या बलकाच्या पिशवीचं, इन्फेक्शन, ते बहुतेक हॅचरीतूनच येतं, कितीही ऊब द्या ती पिल्लं फार टिकत नाहीत. तूस बुरशी लागलेलं असेल तर त्याने फुप्फुसं जातात, तिथेही ब्रूडर काही करणार नाही. मर जास्त वाटली तर अंदाज बांधत बसू नका, ताजी मेलेली पिल्लं डॉक्टरकडून चिरून बघून घ्या, आपल्याला महूचं वेटरनरी कॉलेज जवळ आहे, १९५५ पासूनचं.

दुकानाबद्दल मात्र नाराजी आहे. ब्रूडर ठीक दिला, फिटिंग करून दिली, पण सोबत "पहिल्या दिवसापासून पाण्यात टाका" म्हणून अँटिबायोटिकची पाकिटं गळ्यात मारायला लागले, त्यात एक कोलिस्टिनचं. कोलिस्टिन २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंद आहे, सरकारने बंदी घातलीय, तरी विकतात! मी घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका, निरोगी पिल्लाला स्वच्छ कोमट पाणी पुरतं.

गॅसच्या कटकटी दोन. कडक थंडीत सिलिंडर गारठतो आणि पहाटे, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, ज्योत मंद होते, त्यामुळे दोन सिलिंडर जोडून ठेवलेले बरे, आणि घरचा लाल नाही हां, १९ किलोचा कमर्शियलच, खर्च त्यानेच वाढतो. दुसरं, गॅस जळतो तेव्हा ऑक्सिजन खातो आणि वाफ सोडतो, म्हणून थंडीच्या भीतीने पडदे पूर्ण बंद करू नका, वरून फटीएवढे तरी उघडे ठेवा, नाहीतर लिटर ओलं होतं, अमोनिया होतो, आत गेलं की आपलेच डोळे चुरचुरतात तर पिल्लांचं काय होत असेल.

५ पैकी ४ स्टार. घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह आहे का ते दुकानातच पेटवून, विझवून बघा, धुळीची जाळी सहज निघते का बघा (शेडमध्ये ती फार लवकर तुंबते), आणि फुकट मिळणारा रबरी पाइप न वापरता आयएसआय मार्कचा घ्या, शेडमध्ये उंदीर असतातच.