इंजिनचं हेड खोलू देण्याआधी: घाटात गरम झालेली गाडी आणि 24,800 रुपयांचं बिल

गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली पेट्रोल हॅचबॅक. चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू. खंबाटकी घाटात जॅम लागला, गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली आणि टेंपरेचरचा काटा लालकडे चढला. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडीने 60 चा वेग धरला आणि काटा आपसूक मध्यावर आला. तरी मालक घाबरलेलाच होता. त्याने हायवेवर दिसलेल्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली. तिथे जे झालं ते सुट्ट्यांच्या गर्दीत कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून ते बारकाईने सांगायला हवं.

थांबली की गरम आणि पळाली की थंड, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम फक्त फॅनचं. म्हणजे पहिला संशय फॅनवर. उलट जॅममध्ये ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम होत असेल, तर चोकअप झालेला रेडिएटर, कमी कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) नाहीतर वॉटर पंप बघायचा. गॅरेजात गेल्यावर 'गाडी नेमकी कधी गरम होते' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर तिथेच सावध व्हा.

इथे तो प्रश्न आला नाही. पोऱ्याने फडकं धरून गरम रेडिएटरची कॅप उघडली आणि कुलंट कारंज्यासारखं उडालं. 'बघा, प्रेशर मारतंय. गॅस्केट गेलं.' हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं, गॅस, पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारं पातळ सील. पण कुलंट उडणं हा ते गेल्याचा पुरावा नाहीच. कॅप साधारण 0.9 ते 1.1 बार दाब धरून ठेवते, त्यामुळे 100 अंशांच्या वर गेलं तरी कुलंट उकळत नाही. दाब एकदम सोडला की ते उकळून उडणारच, गॅस्केट नवं असलं तरी. शिवाय यात हात आणि तोंड भाजतं. रेडिएटरचा वरचा होस पाइप हाताला सहज दाबता येईपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, कॅपला हात लावू देऊ नका.

दुसरा पुरावा ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या साईचा. हेड गॅस्केट गेल्यावर ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ होतं, हे खरं. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला थंड होऊन तशीच साय धरते. म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल, तर झाकणावरच्या सायीवरून हेड खोलायचं कारण नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. रेडिएटरमध्ये पाणी भरून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे दाखवले. कुलंट बाहेर गेलं की आत हवा अडकते, ती बुडबुड्यांनीच निघते. या अडकलेल्या हवेचे, म्हणजे एअर लॉकचे बुडबुडे थोड्या वेळाने कमी होत थांबतात. गॅस्केटमधून येणारा गॅस थंड इंजिन सुरू केल्यापासून येतो, रेस दिली की वाढतो आणि थांबत नाही. वरचा होस एक-दोन मिनिटांत, गरम व्हायच्या आधीच कडक होतो.

मालकाने मान डोलावली आणि दोन तासांत हेड खाली आलं. खरं नुकसान इथे झालं. हेड उतरलं की गाडी चालवून दोष तपासता येत नाही, आणि गॅस्केट चांगलं होतं हे सिद्ध करणं फार अवघड होतं.

संध्याकाळी बिल आलं 24,800 रुपयांचं: गॅस्केट सेट, हेड फेसिंग (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं), थर्मोस्टॅट, कुलंट, ऑइल, मजुरी वगैरे. आणि खाली नववी ओळ, फॅन रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच), 280 रुपये. गाडी नंतर जॅममध्येही गरम झाली नाही, म्हणून मालक आभार मानून गेला. पण परत दिलेल्या जुन्या गॅस्केटच्या सिलिंडरभोवतालच्या कड्या अखंड होत्या. दोन सिलिंडरांमध्ये किंवा पाण्याच्या भोकाकडे गॅस फुटून गेल्याची काळी वाट कुठेच नव्हती. आजार त्या नवव्या ओळीत होता.

तो शोधायला दहा मिनिटं पुरली असती. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग त्याच बॉक्समधला तंतोतंत त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. तरीही नाही, तर फॅनचा कप्लर (वायरचा जोड) काढून मोटरला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष वायरिंग किंवा सेन्सरचा. पात्यांपासून हात लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

फॅन ठीक निघाला तर पुढे जा. काटा वर असताना वरचा होस तापलेला आणि खालचा गार असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा. अंगावर छापलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा 82 ते 88, उघडायला लागला पाहिजे. 'आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही' म्हणून तो काढून टाकणाऱ्याचं ऐकू नका. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. कुलंट कमी होत असेल तर थंड गाडीवर प्रेशर टेस्टर लावून कॅपइतका दाब द्या आणि दहा मिनिटं टेस्टरचा काटा बघा; तो उतरला तर कुठेतरी गळती आहे.

गॅस्केट खरंच गेलं असू शकतं, विशेषतः लाल काट्यावर गाडी तशीच रेटली असेल तर. पण त्याच्या चाचण्या हेड न खोलता होतात. रेडिएटरच्या तोंडावर धरायच्या टेस्टरमधलं निळं द्रव पेट्रोल गाडीत पिवळं झालं, तर जळालेला गॅस पाण्यात येतोय. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजताना, शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय. यातली एक तरी चाचणी डोळ्यांसमोर झाल्याशिवाय हेड खोलायला हो म्हणू नका. ते म्हणाले 'मशीन नाही', तर टोइंगचे पैसे देऊन दुसरीकडे न्या. ते स्वस्त पडेल.

फेसिंगचाही घोळ असतो. आधी हेडवर स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजलेला दाखवा म्हणा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मर्यादा 0.05 मिमीच्या आसपास असते. त्याहून कमी असेल तर उगाच घासायला देऊ नका. दिलंच, तर मशीनवाल्याचं वेगळं बिल मागा.

फसवणूक झाली असेल तर जुने सुटे भाग, जीएसटी बिल आणि खोललेल्या हेडचे फोटो सांभाळून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथे फी लागत नाही.