प्रोफॅनिटी: नऊ महिने, एक फर्मा आणि वेलांटीचे घर

मिरग लागल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी फोंड्यात वीज गेली आणि तिच्याबरोबर प्रोफॅनिटी या गप्पांच्या प्रोग्रॅममधून पाठवलेला माझा एक संदेशही गेला. संदेश छोटाच होता: 'पान ११, ओळ ४. दर्याखोर्यांतून नको, दऱ्याखोऱ्यांतून हवे. फर्मा थांबवा.' दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी छापखान्यात पोहोचलो तेव्हा सोळा पानांचा तो फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा संच) छापून, वाळून, घडी घालण्याच्या टेबलावर गेला होता. चुकीचा शब्द एका स्मरणिकेतील कवितेत होता, प्रती पाचशे होत्या, आणि फर्मा पुन्हा छापण्याचा खर्च छापखान्याचे मालक व मी असा दोघांनी निम्मा निम्मा सोसला. त्या रात्री रागाच्या भरात लिहायला घेतलेला हा अनुभव मी चार दिवस बाजूला ठेवला होता. या नऊ महिन्यांत माझे मत दोनदा बदलले, आणि ते कसे बदलले हे खाली आहे तसेच ठेवले आहे.

मी मुद्रितशोधक आहे. गेल्या गणेश चवथीपासून, म्हणजे नऊ महिने, छापखाना, डिचोलीला घरी बसून अक्षरजुळणी करणाऱ्या बाई आणि मी, अशा तिघांचा कामाचा सारा संवाद एक्सएमपीपीवर, म्हणजे स्वतःचा सर्व्हर ठेवता येणाऱ्या खुल्या संदेशपद्धतीवर, चालतो. सर्व्हर भाच्याच्या मडगावच्या घरी एका रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर आहे आणि त्यावर प्रॉसडी हा सर्व्हरचा प्रोग्रॅम चालतो. बाकीचे दोघे मोबाइलवर कॉन्व्हर्सेशन्स हे अॅप वापरतात. मी टर्मिनलमधील, म्हणजे नुसती अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीतील, प्रोफॅनिटी वापरतो. त्याचे कारण निव्वळ काटकसर आहे. माझा लॅपटॉप २०१२ सालचा आहे, मेमरी २ जीबी, आणि ब्राउझरमध्ये गप्पांचे कोणतेही आधुनिक पान उघडले की त्याचा पंखा मिक्सरसारखा घरघरू लागतो. दुरुस्तीवाल्याने तपासणीचे दोनशे रुपये घेऊन 'आता नवीनच घ्या' एवढाच सल्ला दिला, तेव्हा मी लॅपटॉप उचलून घरी आणला आणि भाच्याला फोन केला. प्रोफॅनिटी या यंत्रावर पन्नास एमबीच्या आत राहते, आणि मला एवढे पुरेसे होते. नाव मात्र असे आहे (इंग्रजीत 'शिवीगाळ') की छापखान्याच्या मालकांना त्याचा अर्थ मी आजवर सांगितलेला नाही.

इर्सी हा टर्मिनलमधला जुना गप्पांचा प्रोग्रॅम वापरलेल्या माणसाला यात नवीन काही शिकावे लागत नाही, कारण प्रोफॅनिटी उघडपणे त्याच्याच वळणावर बांधलेली आहे: खाली लिहिण्याची ओळ, वर खिडक्या, तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा, आणि ऑल्ट दाबून अंक दिला की ती ती खिडकी. (नोम टर्मिनलमध्ये ऑल्ट आणि अंकाने टर्मिनलचाच टॅब बदलतो, ते आधी बंद करावे.) पानांचे फोटो दुव्याच्या रूपात येतात आणि बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडावे लागतात. फोटो चुकून उघडला जात नाही, हे मला उलट बरे वाटले.

आता वेलांटीकडे येतो, कारण नऊ महिन्यांतले निदान सहा महिने मी तिच्याशीच भांडत होतो. पहिल्या दिवशी एक्सटर्म या जुन्या, साध्या टर्मिनलमध्ये प्रोफॅनिटी उघडून बाईंचा पहिला संदेश वाचला, तर 'किती पाने झाली' यातील 'कि'ची पहिली वेलांटी क सोडून त्याच्या उजवीकडे, दुसऱ्या घरात जाऊन उभी होती. जोडाक्षरे तर सगळीच पाय मोडलेली. शुद्धलेखनावर पोट असलेल्या माणसाला असे वाचायला लावणे म्हणजे सुताराला वाकड्या टेबलावर जेवायला बसवण्यासारखे आहे. मी दोन आठवडे प्रोफॅनिटीला शिव्या घातल्या, आणि तिच्या नावाला ते शोभलेही.

दोष तिचा नव्हता. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. त्यावर प्रत्येक चिन्हाने किती घरे घ्यायची याचा हिशेब आधी ठरलेला असतो. देवनागरीत व्यंजनाला एक घर, काना आणि दोन्ही वेलांट्यांना स्वतंत्र एक एक घर, उकार, अनुस्वार व पाय मोडण्याच्या चिन्हाला शून्य. गंमत अशी की एकट्या मात्रेला घर नाही, पण तिला काना जोडून 'ो' झाला की लगेच एक घर मिळते. या हिशेबाने 'दऱ्याखोऱ्यांतून' हा शब्द, जो माझ्या डोळ्यांना सहा अक्षरांचा आहे, अकरा घरे अडवतो. त्यात युनिकोड पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतो. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती आधी उमटवावी लागे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ती नंतर टंकायची असते, हे जाणणाऱ्यांना ही कसरत नवी नाही. पण बाकी सगळीकडे पडद्यामागे कोणीतरी ती उचलून जागेवर ठेवतो. एक्सटर्ममध्ये ते करणारे कोणी नाही. तो जे जसे साठवले आहे ते तसे, एकापुढे एक मांडतो.

भाच्याच्या सांगण्यावरून मी कोन्सोल हे दुसरे टर्मिनल घेतले. तेथे वेलांट्या डावीकडे आल्या, रफार डोक्यावर चढले, आणि मला वाटले की भांडण संपले. पण अक्षरे जुळली तरी घरांचा हिशेब तोच राहतो: 'स्त्री' एका अक्षरात आवरली जाते आणि तिच्या वाट्याची चार घरे मात्र तशीच असतात, त्यामुळे शब्दांमध्ये दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा दिसतात. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलच्या अनेक खिडक्या करणारा प्रोग्रॅम) ठेवला की आणखी एक मोजणारा वाढतो, आणि दोघांची मोजणी जुळली नाही की ओळीच्या टोकाला आधीच्या संदेशाचा एखादा काना उगीच उरून राहतो. भारतीय लिप्यांचा विचार करून केलेले एमएलटर्म हे टर्मिनलही मी पाहिले. तेथे अक्षरे चांगली दिसली, पण त्याची मांडणी लावण्यात दोन रविवार गेले आणि मी मुकाट्याने कोन्सोलकडे परतलो.

लिहिताना याचा सर्वांत जास्त त्रास खोडण्यात होतो. 'कि' लिहून बॅकस्पेस दाबले तर वेलांटी जाते आणि क राहतो, जे योग्यच आहे. 'कु' लिहून तेच केले तर उकार क-सकट जातो, कारण शून्य घरांचे चिन्ह एकटे पुसता येत नाही. महिनाभर मला वाटत होते की माझा हात दोनदा पडतो आहे.

एका परिचिताने सुचवले की गप्पांपुरते मराठी रोमन लिपीत लिहावे. गोव्यात हा सल्ला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला मराठीतच, पण रोमन लिपीत छापले गेले, कारण त्या वेळी येथे देवनागरीचे खिळे नव्हते. त्यांच्याजवळ खिळे नव्हते. माझ्याजवळ कीबोर्ड आहे, फॉन्ट आहे, आणि तरीही रोमनमध्ये लिहायचे असेल तर मुद्रितशोधनाचा धंदा सोडून द्यावा हे बरे. शिवाय ज्या कामात एका 'ऱ्या'वरून पाचशे प्रती वाया जातात, ते काम रोमनमध्ये कसे सांगणार?

येथे माझे मत पहिल्यांदा फिरले. मध्यंतरी एक जुने पुस्तक जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू होते, आणि अशा रूपांतरात हटकून मार खाणारे अक्षर म्हणजे अर्ध्या र-चे आपले मराठी वळण. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. रूपांतरानंतर सगळाच दर्या होतो. चांगल्या फॉन्टमध्ये भरभर वाचताना रफार आणि 'ऱ्य' यांतला फरक थकलेल्या डोळ्यांना निसटतो. एक्सटर्ममध्ये मात्र तो निसटत नाही, कारण तेथे एक साधा पाय मोडलेला र असतो आणि दुसरा खाली नुक्ता असलेला, दोघेही आपापल्या घरात सुटे उभे. दोनदा टंकला गेलेला काना, 'ो'ऐवजी काना आणि मात्रा वेगवेगळी दिलेली जोडी, हे सारे तेथे उघडे पडते. ज्या खिडकीला मी सहा महिने नावे ठेवत होतो ती खिळ्यांच्या जुळणीसारखी निघाली: उलटे वाचावे लागते, पण चूक लपत नाही. तेव्हापासून बाईंनी पाठवलेला संशयास्पद शब्द मी मुद्दाम एक्सटर्ममध्ये पाहतो. पान ११ वरील चूकही मी तेथेच पकडली होती.

इर्सीवर आयआरसी ही जुनी गप्पांची पद्धत वापरत राहिलो असतो तर हे सुख मिळाले नसते. आयआरसीचा एक संदेश ओळसमाप्तीसकट ५१२ बाइटांचा असतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत ३ बाइट घेते. पाठवणाऱ्याचे नाव-गाव वजा जाता दीडशेच्या आसपास चिन्हे उरतात, आणि दुरुस्तीची एक बऱ्यापैकी ओळ तेवढ्यात मध्येच तुटते. एक्सएमपीपीला अशी कात्री नाही.

ओमेमोबद्दल थोडेच. २०१५ मध्ये कॉन्व्हर्सेशन्ससाठी जन्मलेले हे सांकेतिकीकरण प्रोफॅनिटीत नीट चालते, पण किल्ली माणसाची नसून उपकरणाची असते. बाईंनी फेब्रुवारीत फोन बदलला, नव्या फोनच्या किल्लीवर मी विश्वास नोंदवला नव्हता, आणि एक दिवसभर त्या मी काहीच कळवत नाही म्हणून रुसून बसल्या होत्या. किल्लीच्या बोटठशाचे (ओळखखुणेचे) लांबलचक अंक व अक्षरे फोनवरून एकमेकांना वाचून दाखवावीत, आणि ते करताना टीव्ही बंद ठेवावा.

आता गेलेला संदेश. वीज गेली तेव्हा राउटर बंद पडला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. जोडणी तुटल्याचे संगणकाला तत्काळ कळत नाही. त्याच मिनिटात मी संदेश टंकला, एंटर दिला, आणि तो इतर संदेशांसारखाच वेळेसकट खिडकीत उमटला. मी झाकण मिटवले आणि जेवायला बसलो. अधिक वाईट असे की सकाळी पुन्हा उघडल्यावर तो संदेश माझ्याच यंत्रावरील नोंदीतून, ८ वाजून १२ मिनिटे अशा वेळेसह, मला पुन्हा दाखवला गेला. सर्व्हरच्या संग्रहात भाच्याने शोधले तर तेथे त्याचा मागमूसही नव्हता. न गेलेली चिठ्ठी आपल्याच टपालवहीत 'रवाना' म्हणून लिहून ठेवणारा शिपाई कोणी नोकरीवर ठेवील काय, असे मी भाच्याला विचारले.

त्याने शांतपणे विचारले, "मामा, तू पावत्या चालू केल्या होत्यास ना?"

केल्या होत्या. ऑक्टोबरमध्येच 'रिसीट्स रिक्वेस्ट ऑन' ही आज्ञा दिली होती, आणि त्या दिवशी पोच येईपर्यंत संदेश वेगळ्या रंगात राहतो हे पाहून खूशही झालो होतो. पण प्रोफॅनिटीत कोणताही बदल लगेच लागू होतो आणि 'सेव्ह' ही आज्ञा दिल्याशिवाय टिकत मात्र नाही. प्रोग्रॅम बंद केला की पहिले पाढे पंचावन्न. मी ती आज्ञा दिली नव्हती. रंग नाहीसा झाला हे आठ महिने माझ्या लक्षात आले नाही, कारण माझे सारे लक्ष वेलांटीवर होते. हे माझ्या मताचे दुसरे वळण. त्यात माझा दोष निम्म्याहून अधिक आहे हे मान्य करूनही मी म्हणतो की पावत्या मुळातच चालू असायला हव्या होत्या, आणि बदल केल्यावर 'हे जतन केलेले नाही' एवढी एक ओळ दाखवायला प्रोग्रॅमचे काही बिघडले नसते.

गेल्या रविवारी मी राउटरची पिन स्वतःच काढून तपासणी केली. संदेश त्या वेगळ्या रंगात अडकून राहिला. जोडणी पुन्हा आल्यावरही माझ्या आवृत्तीत तो आपणहून गेला नाही, वरच्या बाणाने परत आणून पाठवावा लागला. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा असे भाच्याचे म्हणणे आहे. त्याची किंमत मी अजून दोन दुकानांत विचारतो आहे. आज दुपारपासून पुन्हा जोराचा पाऊस आहे, आणि डिचोलीला पाठवलेली शेवटची दुरुस्ती वीस मिनिटे झाली तरी अजून त्याच रंगात आहे. या वेळी मी फोन लावला आहे. पलीकडे घंटा वाजते आहे.