‘द नेम ऑफ द रोझ’: आधी कादंबरी की आधी चित्रपट?

उंबेर्तो एको यांची कादंबरी १९८० ची, तिच्यावरचा चित्रपट १९८६ चा, आठ भागांची मालिका २०१९ ची. गोष्ट तीच: १३२७ चा नोव्हेंबर, उत्तर इटलीच्या डोंगरातला बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ, एकामागून एक मरणारे मठवासी आणि धर्मचर्चेसाठी येऊन खुनांच्या तपासात ओढला गेलेला, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या पंथातला विद्वान विल्यम. सवड काढता येत असेल तर आधी कादंबरीच हातात घ्या.

कारण विल्यम कसा विचार करतो, ते कादंबरीतच कळतं. मठाच्या वाटेवरच तो बर्फातले खुरांचे ठसे, मोडलेल्या डहाळ्या आणि काटेरी झुडपात अडकलेले लांब काळे केस पाहतो आणि मठाधिपतींचा पळालेला घोडा कुठे गेला हे सांगतो. घोड्याचं नावसुद्धा! चित्रपटात याच जागी तो शिष्याला शौचालय कुठे असेल ते ओळखून सांगतो. प्रसंग मजेचा आहे, पण तपासाचा पाया तिथे पडत नाही.

पहिली शंभर पानं मात्र जड आहेत. ती कमी करा, असं मित्रांनी सुचवूनही एकोंनी ऐकलं नाही, आणि बरंच झालं. ख्रिस्ताच्या मालकीचं काही होतं का, हा वाद आज कोरडा वाटतो. पण १३२३ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी ‘नव्हतं’ म्हणणं पाखंड ठरवलं होतं, आणि विल्यमच्या पंथाचं म्हणणं नेमकं तेच होतं. मठातली भीती त्यातून येते. चित्रपट हे सगळं घाईत उरकतो. विल्यम वीव्हर यांच्या इंग्रजी अनुवादात बरंच लॅटिन तसंच ठेवलंय. तिथे अडून बसू नका, पुढे वाचत राहा.

चित्रपटाची ताकद चेहऱ्यांत आहे. विल्यम झालेला शॉन कॉनरी उत्तम, आणि रॉन पर्लमनने रंगवलेला मठवासी साल्वातोरे तर विसरता येत नाही. ग्रंथालय मात्र बदललंय: पुस्तकात एकाच मजल्यावर ५६ खोल्यांचा चकवा, पडद्यावर वरखाली जाणारे जिनेच जिने. दिसायला थरारक, पण नकाशा जुळवण्याचा आनंद गेला. बर्नार्ड गी हा धर्मन्यायाधीश इतिहासात खरोखर होऊन गेला, १३३१ मध्ये बिशप असताना वारला. चित्रपटाने त्याला दिलेला शेवट ना पुस्तकात आहे, ना इतिहासात. हा बदल मला खटकतो.

मालिका शेवटी पाहा. जॉन टर्टुरो विल्यम म्हणून छान शोभतो, पण पुस्तकात नसलेली पात्रं आणल्याने मठातली कोंडी सैल पडते.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर चित्रपट बिनधास्त लावा, फक्त खुनी कळणार याची तयारी ठेवा.