सुटे कागद, सोनेरी अक्षरं आणि न्या. का. बे. मोटली

बुकबाइंडिंगच्या ह्या दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. ठाण्यात टेंभी नाक्याकडून चरईत शिरायचं आणि एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर खळीचा वास आला की थांबायचं. आत एक कटिंग मशीन, एक लोखंडी दाबयंत्र आणि बाइंडर काका. मी कोर्ट नाक्यावर पंचवीस वर्षं वकिली करते. माझ्या सिनियरांचे एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टांच्या निकालांचे) खंड काकांनीच बांधलेले. सिनियर गेले, खंड अजून घट्ट आहेत.

माझं काम जरा विचित्र होतं. लॉ कॉलेजात असल्यापासून मी एका अमेरिकन न्यायाधीशांबद्दल मिळेल ते जमवत आले आहे. कात्रणं, झेरॉक्स, पुढे इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंट. कॉन्स्टन्स बेकर मोटली त्यांचं नाव. तीनशेच्या वर कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडून होते, त्यांना यंदा ओल लागली. भाची लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोल्डर काय द्यायचा, म्हणून बांधून घ्यायचं ठरवलं.

काकांनी गठ्ठा टेबलावर उभा आपटून कडा जुळवल्या, अंगठ्याने पानं फर्रकन सोडली आणि म्हणाले, “वकीलबाई, सुटे कागद आहेत. जुजबंदी होणार नाही, टोचून शिवावं लागेल.” मला फरक माहीत नव्हता. जुजबंदीला घडीचे फर्मे लागतात, दोरा घडीतून जातो आणि पुस्तक सपाट उघडतं. सुट्या कागदांना कडेपासून थोडं आत भोकं पाडून शिवायचं. ते मजबूत होतं, पण मधला भाग शिवणीत जातो. “आतल्या बाजूला जागा किती सोडलीय?” सोडलीच नव्हती. त्यातून निम्मे कागद पाठपोट. “मागच्या पानावरच्या ओळींची शेवटं जातील,” हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, चालेल. ते आता चालत नाहीये, पण त्यासाठी काकांचे स्टार कापणार नाही.

वरच्याच कागदावर फोटो होता. “ह्या बाई कोण?”

मी सांगायला लागले आणि ते पानं लावायला लागले. जन्म 1921, न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, बारा भावंडं, वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे स्वयंपाकी. कॉलेजला पैसे नाहीत. गावातल्या समाजकेंद्राच्या सभेत ही तरुण मुलगी उठून बोलली की केंद्र काळ्यांसाठी म्हणता, मग कारभारात काळे कुठे आहेत? केंद्राला पैसा देणारे क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचे गोरे उद्योजक समोरच बसले होते. त्यांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

काकांचा हात थांबला. “तोंडावर ऐकून घेतलं आणि वर फी भरली?”

हो. त्या फीवर न्यूयॉर्क विद्यापीठ झालं आणि 1946 साली कोलंबिया विद्यापीठातून कायदा. त्याआधीच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतलं होतं. शाळांमधला वर्णभेद मोडणारा 1954 चा ब्राउन खटला सगळ्यांना माहीत असतो. त्याचा मूळ दावा मोटलींनी लिहिला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. दाव्याचं ड्राफ्टिंग ही आमच्या धंद्यातली हमाली. नाव होतं ते उभं राहून बोलणाऱ्याचं. पण ह्या उभ्याही राहिल्या. जेम्स मेरेडिथ ह्या काळ्या विद्यार्थ्याला तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्यासाठी पुन्हा पुन्हा मिसिसिपीला गेल्या. तिथले समोरचे वकील त्यांना ‘मिसेस मोटली’ म्हणायला तयार नसत, भर कोर्टात नुसतं ‘ही’. 1962 मध्ये मेरेडिथला प्रवेश मिळाला तो दंगल आणि दोन मृत्यूंनंतर. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोर्च्यात गेली म्हणून हजारावर शाळकरी मुलांना काढून टाकलं होतं, त्यांनाही ह्यांनीच परत वर्गात बसवलं.

इथे काकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ते इंग्रजी फारसं वाचत नाहीत, पण साल बघून लावतात. मध्येच म्हणाले, “वकीलबाई, काहीतरी चुकलंय. हा कागद 1965 चा, त्याला टाचलेला 1986 चा. सोडवू का?” चुकलं नव्हतं. मोटलींनी सुप्रीम कोर्टात दहा खटले चालवले, नऊ जिंकल्या. हरल्या तो दहावा, 1965 चा स्वेन. ज्युरीतून काळ्यांना ठरवून वगळण्याचा मुद्दा होता. एकवीस वर्षांनी बॅट्सन खटल्यात त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. म्हणून मी दोन्ही एकत्र टाचले होते. “मग तोही लागलाच म्हणा,” म्हणत काकांनी टाचणी काढली, पण कागद शेजारीशेजारी ठेवले.

न्यायाधीश त्या 1966 मध्ये झाल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जानेवारीत नाव पाठवलं, मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी कम्युनिस्ट असल्याचा आरोप करत अडवून धरलं आणि मंजुरी आली ऑगस्टच्या अखेरीला. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. (आपल्याकडे अ‍ॅना चंडी 1959 लाच केरळ उच्च न्यायालयात होत्या, हे भाचीला मुद्दाम सांगितलंय.) 1982 मध्ये मोटली न्यूयॉर्कच्या त्यांच्या कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश, 1986 मध्ये वरिष्ठ न्यायाधीश म्हणून हलका बोजा, आणि न्यायाधीशपद 2005 मध्ये वारेपर्यंत, कारण तिथे ही नेमणूक तहहयात. “म्हणजे आमच्यासारखंच,” काका म्हणाले.

आता तक्रारी. पाच दिवस सांगून नऊ लावले. श्रावणात गेले ही माझी चूक. गणेश मंडळांच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांचे ढीग दारापर्यंत आले होते आणि त्या ढिगांपुढे माझा खंड कुठे लागणार! फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं.

दुसरी तक्रार शिवणीची. नेमकं 1975 चं पान अडकलंय. एका बड्या लॉ फर्मवर महिला वकिलांना डावलल्याचा दावा होता आणि तो मोटलींपुढे आला. फर्मचं म्हणणं, तुम्ही काळ्या, तुम्ही बाई, तुम्ही हक्कांचे खटले लढलेल्या, बाजूला व्हा. त्यांनी नकार दिला. पार्श्वभूमी, वंश किंवा लिंग एवढ्यावरून न्यायाधीश बाद होणार असेल, तर ह्या कोर्टातल्या कुणालाच हा खटला चालवता येणार नाही, असं उत्तर दिलं. माझ्या सगळ्या फायलीत हे पान मला सर्वांत प्रिय, आणि त्याच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द दोऱ्याखाली. खंड पिळून, डोकं तिरकं करून वाचते. ते एक पान वेगळं छापून आत ठेवलंय.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, ठरत नाही. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘न्या. कॉ. बे. मोटली’ हवं होतं. काकांच्या देवनागरी टाइपात ‘कॉ’वरचा चंद्र नाही, कधीतरी हरवलाय. मला न विचारता त्यांनी ‘न्या. का. बे. मोटली’ उठवलं. अक्षरं एका रेषेत, दाब समान, सोनं कुठेही पसरलेलं नाही. परवा बाररूममध्ये एका ज्येष्ठांनी खंड हातात घेतला आणि विचारलं, “हे का. बे. मोटली कुठल्या बेंचला होते हो?”

“न्यूयॉर्कला. आणि होते नाही, होत्या.”

खर्च 480 रुपये, अक्षरांसकट, रोख. पाठ कापडाचीच मागा, रेक्झिनला दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. प्रिंट काढताना शिवणीकडे दीड इंच सोडा. दुपारी दोन ते चार बंद. पाचपैकी चार.