चोरीचा आळ आला: राजीनामा द्यावा की चौकशीला तोंड द्यावं?

स्टॉक कमी भरला, बोट तुमच्याकडे वळलं आणि एचआरने कोरा कागद पुढे सरकवला: ‘राजीनामा लिहा, इथंच मिटवू.’ चोरी केलेली नसताना सही करावी का?

राजीनाम्याच्या बाजूने सर्वात वजनदार मुद्दा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा. पाच वर्षं भरलेल्या कायम कर्मचाऱ्याला ती राजीनामा देऊनही मिळते. चोरीच्या कारणावरून बडतर्फ झालात तर मात्र ती जप्त होऊ शकते आणि त्यासाठी कोर्टात गुन्हा शाबीत व्हायलाच हवा असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आहे. पीएफला दोन्हीकडे धक्का नाही. पण राजीनामा दिल्यावर ‘मला अन्यायाने काढलं’ म्हणायची जागाच उरत नाही. तो दबावाखाली लिहून घेतला, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय पोलिसांत तक्रार होणार नाही याची हमी त्या कागदात नसतेच.

चौकशीचा रस्ता लांबचा आणि माणसाला खाणारा आहे. खात्यांतर्गत चौकशीत फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही, आरोप खरा असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं. तरीही लेखी आरोपपत्र, कागदपत्रं, साक्षीदारांची उलटतपासणी हे तुमचे हक्क आहेत. स्थायी आदेश (कंपनीतल्या कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम) लागू असतील तर निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे विलंब तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के मिळतो. तो मागून घ्याच.

कॅप्टन एम. पॉल अँथनी हे भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. घरावरच्या छाप्यात सोनं सापडल्याचा त्यांच्यावर आरोप होता. निलंबनात असा निर्वाह भत्ता मिळाला नाही, पैशाअभावी चौकशीला जाता आलं नाही, ती एकतर्फी उरकून त्यांना बडतर्फ केलं. त्याच छाप्याच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांना सगळ्या थकबाकीसह कामावर परत घ्यायला लावलं. न्याय मिळाला, पण किती वर्षांनी!

तुम्ही कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असाल, म्हणजे ढोबळमानाने मॅनेजरच्या पदावर नसाल, तर माझं मत चौकशीच्या बाजूने आहे. शिक्षा जास्त वाटली तर कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायाधिकरण ती कमीही करू शकतं. मॅनेजर असाल तर ते दार बंद असतं आणि दिवाणी दाव्यात नोकरी सहसा परत मिळत नाही. तिथे वाटाघाटी करून, अनुभवपत्र आणि हिशोब लेखी ठरवून राजीनामा देणं व्यवहाराचं ठरू शकतं.

कोणताही रस्ता घ्या, ‘चूक झाली, माफ करा’ असं काही लिहून देऊ नका. वेळ मागा, घरी जा आणि त्याच दिवशी ईमेलने आरोप नाकारा.