शिरेतून की तोंडावाटे: टाइप १ मधुमेहाच्या दोन चाचण्यांतून एक निवडताना

टाइप १ मधुमेहाचे निदान होऊन महिनाही उलटत नाही, कार्बोहायड्रेटचे हिशेब अजून तोंडपाठ झालेले नसतात, आणि अशातच परदेशात राहणाऱ्या काही पालकांना डॉक्टर विचारतात की, इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या बीटा पेशी वाचवू पाहणाऱ्या एखाद्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून पाहणाऱ्या चाचणीमध्ये, मुलाचे नाव घालायचे आहे का. आम्ही अमेरिकेत राहतो. २०२१ च्या सुरुवातीला मुलाच्या आजाराचे निदान झाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि आमच्यासमोर अशा दोन चाचण्या होत्या. एकीत टेप्लिझुमॅब हे औषध ठरावीक दिवस शिरेतून द्यायचे होते, तर दुसरीत व्हेरापामिल ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी जुनी गोळी वर्षभर रोज घ्यायची होती. दोन्हींत एकाच वेळी भाग घेता येत नव्हता. आम्ही एक निवडली आणि त्या निवडीबद्दल आजही समाधानी आहोत, तरी पुढचा मजकूर एका घराच्या अनुभवापलीकडे फारसा जात नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्या दोन्ही चाचण्या आता संपल्या आहेत. परंतु नव्या चाचण्याही पुष्कळदा याच दोन साच्यांतल्या असतात, म्हणून ही तुलना अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटते.

इन्सुलिन दोन्हीकडे सुरूच राहते आणि आजार बरा होईल असा दावा दोन्हीकडे कोणी करत नाही. स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन किती बनवते आहे हे दाखवणारे सी-पेप्टाइड टिकवून धरणे, म्हणजे निदानानंतर शरीर थोडेफार इन्सुलिन स्वतः बनवत असते तो ‘हनिमून’चा काळ लांबवणे, एवढेच उद्दिष्ट असते. ते मोजण्यासाठी उपाशीपोटी एक गोड, घट्ट पेय प्यायला देतात आणि नंतर दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ ठरावीक अंतराने रक्त घेतात. हा प्रकार दोन्हीकडे सारखाच कंटाळवाणा असल्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

टेप्लिझुमॅबचा इतिहास चढउतारांचा आहे. बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी३ या रेणूला ही अँटिबॉडी चिकटते आणि त्या पेशींचा जोर ओसरतो. संशोधक केव्हन हेरॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोजक्या रुग्णांवरचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पुढे २०११ च्या मोठ्या चाचणीत ठरवलेले मुख्य उद्दिष्ट मात्र गाठता आले नाही आणि हे औषध मागे पडते की काय अशी परिस्थिती झाली. ते पुन्हा उभे राहिले २०१९ मध्ये, अजून इन्सुलिन सुरू न झालेल्या परंतु धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ७६ जणांच्या चाचणीमुळे, कारण एकाच १४ दिवसांच्या उपचाराने आजाराचे निदान सरासरी सुमारे दोन वर्षांनी लांबल्याचे तीत दिसले. त्या आधारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने औषधाला मान्यता दिली, मात्र ती निदानाच्या आधीच्या त्या टप्प्यापुरतीच होती. नुकतेच निदान झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या ३२८ मुलांवरच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. दीड वर्षानंतर सी-पेप्टाइड ठरावीक पातळीच्या वर राहिलेल्या मुलांचे प्रमाण औषधाच्या गटात ९४.९ टक्के आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही मिळालेल्या, गटात ७९.२ टक्के होते. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) आणि इन्सुलिनची मात्रा यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि ही गोष्ट पालकांपासून लपवू नये.

गोळीच्या बाजूला व्हेरापामिलचे श्रेय अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील डॉ. अ‍ॅनाथ शालेव्ह यांच्या संशोधनाकडे जाते. बीटा पेशींना मारक ठरणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण या गोळीने घटते असे त्यांनी दाखवले, आणि २०२३ मध्ये ८८ मुलांच्या चाचणीत वर्षअखेरीस गोळी घेणाऱ्यांचे सी-पेप्टाइड इतरांपेक्षा ३० टक्के अधिक आढळले. त्याच वर्षी मेलबर्नच्या संशोधकांनी ९१ जणांना बॅरिसिटिनिब ही संधिवाताची गोळी किंवा प्लासिबो ४८ आठवडे देऊन सी-पेप्टाइडच्या बाबतीत गोळीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कागदावर दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ आहेत. आम्ही निर्णय घेतला तेव्हा तर यांतले २०२३ चे निकाल कोणाच्याच हाती नव्हते.

वरवर पाहता गोळीची बाजू सोपी वाटते आणि आमच्याही घरात पहिला कल तिकडेच होता. शिरेतून द्यायच्या औषधाचा एक डोस जेमतेम अर्ध्या तासात संपत असला तरी तो सलग बारा दिवस, शनिवार-रविवारसह, द्यावा लागतो आणि सहा महिन्यांनी हीच फेरी पुन्हा करावी लागते. सुरुवातीच्या दिवसांत आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीची गोळी देतात. डोकेदुखी, मळमळ, पुरळ, क्वचित ताप हे सगळे संभवते. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या काही आठवडे घटलेली राहते, म्हणून राहिलेल्या लसी आधीच उरकून घ्याव्या लागतात. शाळा बुडते, आईवडिलांपैकी एकाची रजा संपते आणि शिरेत घातलेल्या कॅन्युलामुळे (बारीक नळीमुळे) दोन्ही हात दुखरे होतात. प्रतिकारशक्तीत ढवळाढवळ करणारे औषध आपल्या मुलाला द्यायचे या कल्पनेनेच काही पालक मागे सरतात आणि त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. व्हेरापामिलचा अनुभव डॉक्टरांना अनेक दशकांचा आहे. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी काढतात आणि बद्धकोष्ठतेची तक्रार होऊ शकते, परंतु एकंदरीत भीती कमी असते. सुरक्षिततेच्या निकषावर गोळी पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही आम्ही शिरेतून द्यायच्या औषधाची चाचणी निवडली आणि त्याचे कारण ऐकायला कदाचित क्षुल्लक वाटेल. गोळीच्या चाचणीत दर भेटीला बाटली परत न्यावी लागते आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. जितक्या उरायला हव्यात त्यापेक्षा जास्त उरल्या तर विचारणा होते. चाचणीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण मुलाने गोळी घेतलीच नसेल तर निष्कर्षाला काय किंमत राहणार? प्रश्न असा होता की, ज्या घरात चौदा वर्षांच्या मुलाला सकाळपासून रात्रीपर्यंत ‘साखर बघितलीस का’, ‘इन्सुलिन घेतलंस का’, ‘खाण्याआधी घेतलंस की नंतर’ हे प्रश्न आधीच विचारले जात आहेत, त्या घरात वर्षभर आणखी एक प्रश्न रोज वाढवायचा का? माहितीपत्रक वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, म्हणजे आता तुम्ही गोळ्यापण मोजणार?” त्याच्या आईने आणि मी एकमेकांकडे पाहिले आणि बहुधा तेव्हाच निर्णय झाला.

या आजारात पालकांचा पहारेकरी होतो आणि मूल हळूहळू खोटे आकडे सांगायला शिकते, हे अनुभवी डॉक्टर आणि मधुमेह-शिक्षिका आवर्जून सांगतात. बारा दिवसांच्या उपचाराचा त्रास मोठा असला तरी तो रुग्णालयात होतो, परिचारिकेच्या हातून होतो आणि संपतो. त्यात मुलाने काही विसरण्याचा किंवा टाळण्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून दोष द्यायलाही जागा राहत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या महिन्यांत आमच्या घरात चाचणीचा विषय निघेनासा झाला होता, आणि माझ्या दृष्टीने त्या चाचणीचा सर्वांत मोठा गुण हाच ठरला. मोजमापाच्या भाषेत याला काहीच स्थान नाही, याची मला कल्पना आहे.

पुढे आलेल्या माहितीने या पसंतीला थोडा आधारही दिला. टेप्लिझुमॅबची फेरी आटोपल्यानंतरही परिणाम बराच काळ टिकलेला दिसतो, तर बॅरिसिटिनिब बंद केल्यावर फायदा ओसरत गेल्याचे मेलबर्नच्या गटाने नंतर मांडले. म्हणजे त्या गोळीचा उपयोग व्हायचा तर ती घेतच राहावी लागेल असे दिसते, आणि मग बाटलीतल्या गोळ्या मोजण्याचा कार्यक्रमही वर्षभरापुरता राहणार नाही. दुसरे असे की, ‘प्रोटेक्ट’मध्ये दर तिघांपैकी दोघांना खरे औषध मिळत होते आणि व्हेरापामिलच्या चाचणीत साधारण निम्म्यांना. दोन आठवडे हात टोचून घ्यायचे आणि वाट्याला नुसते मिठाचे पाणी यायचे, ही शक्यता ज्यांना असह्य वाटते त्यांनी हे प्रमाण आवर्जून विचारावे. आमच्या मुलाच्या अंगावर पाचव्या-सहाव्या दिवशी पुरळ उठले, तेव्हा खरे औषधच चालू असावे असा तर्क आम्ही केला. तो तर्कच होता, कारण पुरळ इतर कारणांनीही उठते आणि चाचणीच्या नियमाप्रमाणे कोणी काही सांगत नव्हते.

महाराष्ट्रातून विचारणा करणाऱ्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट जोडतो. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. तिथे नोंद नसलेल्या किंवा सहभागासाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. मधुमेहावर ‘स्टेम सेल’ उपचार करून देतो असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांचा या तुलनेशी काहीही संबंध नाही.

गोळीची चाचणी कोणाला अधिक योग्य ठरेल, हेही सांगायला हवे. केंद्रापासून फार दूर राहणारे, बारा दिवसांची रजा मिळणे अशक्य असलेले आणि ज्यांच्या मुलाची शीर सापडणे हेच दर वेळी संकट असते असे पालक गोळीकडेच वळतील आणि ते बरोबरच आहे. टाइप १ मधुमेहाबरोबर थायरॉईडचाही त्रास असणारी मुले पुष्कळ असतात. अशा घरात सकाळी एक गोळी घेण्याची सवय आधीच लागलेली असेल, तर दुसरी गोळी कदाचित कोणाला जड जाणार नाही. मुदत मात्र आधी तपासावी. व्हेरापामिलच्या चाचणीत निदानापासून ३१ दिवस, ‘प्रोटेक्ट’मध्ये सहा आठवडे आणि मेलबर्नच्या चाचणीत १०० दिवस अशा मर्यादा होत्या. विचार करायला वेळ हवा असणाऱ्यांची निवड पुष्कळदा या मर्यादाच करून टाकतात. मुदत शिल्लक असेल, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चाचणीच्या कोऑर्डिनेटरला दोन प्रश्न विचारावेत: फेरीतला एखादा दिवस आजारपणामुळे चुकला तर काय होते, आणि उरलेल्या गोळ्यांबद्दलची विचारणा पालकांकडे होते की थेट मुलाकडे. आमच्या मुलाला यातला दुसरा प्रश्न स्वतःच विचारायचा होता आणि आम्ही त्याला तो विचारू दिला.